टाकीपर्यंत पोहोचलेले

पाण्यात: एक म्हातारा उंदीर, प्रयोगशाळेच्या टाकीत. पाणी मुद्दाम पांढरं, गढूळ केलेलं. खाली कुठेतरी उभं राहण्यापुरता चौथरा, तो त्याने शोधायचा. डोक्याला मार बसण्याआधी चटकन सापडायचा. मार तिनेच दिलेला. प्रयोगासाठी, भूल देऊन, मोजूनमापून.

फोनवर: दादा, हॉस्पिटलमधून. बाबा सकाळी बाथरूममध्ये पडले. डोक्यात रक्त साकळलंय. ऑपरेशन करायचं की नाही ते घरच्यांनी लवकर ठरवा, असं डॉक्टर म्हणतायत.

"तू सांग. तुझं रोजचंच काम आहे."

"माझ्याकडे उंदीर असतात, दादा."

"असू देत. बाबा कुठे सिंह लागून गेलेत."

पाण्यात: उंदीर कडेकडेने फिरतोय.

"आजोबा फेरफटक्याला निघालेत," घड्याळ धरून उभा असलेला सहकारी म्हणाला. ती हसली नाही.

फोनवर: "परवा जेवताना तूच म्हणालीस ना, म्हातारेही सावरतात? तरुणांइतकेच? बाबा तेव्हापासून येईल-जाईल त्याला सांगत सुटलेत. आत्ताही तेच. पोरीला विचारा, तिला माहितीये."

म्हणाली होती. तिच्या उंदरांचा आलेख तसंच सांगत होता.

"मग डॉक्टरांना हो म्हणू?"

पाण्यात: उंदराचे पाय चौथऱ्याला लागले. तो वर चढला, अंग झाडून थरथरत उभा राहिला.

"म्हातारा पास," सहकारी म्हणाला.

तिने फोनवर हात ठेवला. "मार दिल्यावर जे उठलेच नाहीत, ते आपण सरासरीत धरायला हवे होते."

"कसे धरणार? टाकीपर्यंत आलेच नाहीत ते. जो परीक्षेलाच बसला नाही त्याला मार्क कुठून द्यायचे?" तो उंदराला टॉवेलमध्ये घेत म्हणाला. "नियम तुमचाच आहे, मॅडम."

तरुण उंदरांमधले सगळे उठले होते.

फोनवर: "ऐकतेयस ना?"

"दादा, मी म्हणाले ते जे उठले त्यांच्याबद्दल होतं."

"म्हणजे?"

"म्हातारे बरेचसे उठलेच नाहीत. निम्म्याहून जास्त. ते मी मोजलेच नव्हते. आणि मी ऑपरेशन नाही करत. मी फक्त मार देते. बाबांचं काय करावं ते मला खरंच माहीत नाही."

दादा अगदी हळू म्हणाला, "फोन स्पीकरवर आहे गं."

पाण्यात: काही नाही.

फोनवर: खरखर, मग बाबांचा आवाज. शब्द एकमेकांना चिकटलेले.

"किती वर्षांचे होते गं ते?"

"दोन, बाबा. दोन वर्षांचे."

"अगं, मग लहानच होते की," बाबा म्हणाले.