तारलीचं तेल

घड्याळ कृष्णातच्या हातात होतं आणि दोरा तानीबाईच्या. सहाला उठलेली त्याची आई अजून पहिल्या विडीला गाठ मारू शकली नव्हती. बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे फुगलेले. दोरा तिसऱ्यांदा सुटला. आठला दहा कमी असताना एकदाची गाठ बसली. कृष्णातनं वहीत आकडा लिहिला: एकशे दहा मिनिटं.

चौऱ्याऐंशी दिवसांपूर्वीही एकशे दहाच होती.

भिंतीपलीकडं सुलाबाईचं सूप कधीच विड्यांनी भरायला लागलं होतं. नवरा गेलेली, एकटी बाई. पूर्वी तिचे हात दोन दोन तास आखडलेले असत. काल कृष्णातनं वेळ लावली, तर पस्तीस मिनिटांत मोकळे.

कृष्णात बी.एस्सी. होऊन बेळगावात एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागला होता. संधिवाताच्या रुग्णांना माशाचं तेल दिल्याचा लेख त्यानं गेल्या वर्षी, शहाऐंशीत, वाचला. सूज पेटवणारी द्रव्यं शरीर आपल्याच चरबीतून घडवतं. त्या चरबीची जागा माशाच्या चरबीनं घेतली, तर ती द्रव्यं सौम्य निघतात. पण हे सावकाश होतं, तीन महिने तरी लागतात. त्यानं कारवारच्या मित्राकडून तारली माशाचं शुद्ध केलेलं तेल मिळवलं. नुसतं आईला देऊन मात्र काहीच सिद्ध झालं नसतं. म्हणून शेजारच्या सुलाबाईला त्यानं शेंगतेल दिलं. बाटल्या सारख्या, दोन्हींत पेपरमिंट, आणि दोघींना सांगणं एकच: "सांध्यांचं औषध हाय. रोज दोन चमचे."

आणि हात मोकळे झाले ते शेंगतेलानं.

उद्या सोमवार. काल शनिवारी कारखान्यातल्या चेकरनं तानीबाईच्या निम्म्या विड्या छाट म्हणून फेकल्या होत्या. "सोमवारी बी असंच झालं, तर कार्ड हितंच ठेवून जा, तानाक्का," तो म्हणाला होता. कार्ड गेलं की काम गेलं.

"तो लेखच खोटा हाय," कृष्णात म्हणाला. परवा बेळगावहून आणलेली नवी बाटली उचलून तो मोरीकडं गेला. बूच काढलं.

"ओतू नगंस," तानीबाई म्हणाली. "सुलाक्काला लागंल ती."

"ही तुझी हाय, आई. तिची दुसरी."

"तिची मी घेते. माझी ती. पैल्या दिवसापासनं."

बाटली त्याच्या हातात तिरकीच राहिली.

"पण दोन्हींत पेपरमिंट घातलं हुतं मी."

"नुसता तंबाखू हुंगून कुठल्या शेतातला ते सांगते मी. मला मासा कळंना व्हय?" ती म्हणाली. "दुसरीत तर शेंगतेल. रोज फोडणीला घालते."

वहीतले आकडे त्याच्या डोक्यात उलटे फिरले. एकशे दहा शेंगतेलाचे. पस्तीस तारलीचे. लेख खरा होता. पलीकडं सुलाबाई कात्रीनं पानं कापत होती, एकसारखी, न थांबता.

त्यानं बूच लावलं. मग त्याचं लक्ष आईच्या बोटांकडं गेलं.

"तीन महिनं, आई. तुझं हात मोकळं झालं असतं. उद्या कार्ड जातंय तुझं. सांगायचं न्हाईस मला?"

तानीबाईनं सुटलेला दोरा पुन्हा बोटाला गुंडाळला.

"एकीला खोटं औषध द्यायचंच हुतं," ती म्हणाली, "तर ते घरच्या माणसाला द्यावं, रं."