दुहेरी रेघ

संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांनी सासूबाई आणि बाळाला घेऊन बसलेली सून यांच्यासमोर वंशावळीचा कागद ठेवला. खाली आजारी नातवाचा काळा केलेला चौकोन. वर मुलाचा चौकोन, सुनेचं वर्तुळ आणि त्या दोघांना जोडणाऱ्या दोन रेघा.

"दोन कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"नात्यातलं लग्न म्हणून. सून तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी. एकच जनुकीय दोष तुमच्या रक्तात सापडला, भावाच्याही. बाळाला तो आईबाप दोघांकडून मिळाला, म्हणून दीड वर्षाचं झालं तरी ते मान धरत नाही."

वर्षभर त्यांनी सुनेलाच बोल लावला होता. डॉक्टरांना द्यायला आणलेली लग्नपत्रिका त्यांच्या हातात चुरगळली. धाकटा मुलगा आणि सुनेची धाकटी बहीण, येत्या रविवारी.

"त्या दोघांचंही रक्त तपासा. आजच्या आज."

"रिपोर्टला तीन आठवडे लागतील."

"दारात मांडव घातलाय हो. लग्न मोडलं तर भाऊ माझं तोंड बघणार नाही."

सुनेने डॉक्टरांचं पेन घेतलं. पत्रिकेवर दिराच्या आणि बहिणीच्या नावांमध्ये तिने दोन रेघा ओढल्या. मग बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं.

"आत्या, मान नीट धरा त्याची. मी बाबांना फोन लावते."