जागेवर काढलेलं चित्र

"मी सही करणार नाही," टिलेट म्हणाला आणि त्याने लेखणी टेबलावर आपटली. शाईचे दोन थेंब हॉबडेच्या पांढऱ्या पायमोज्यांवर उडाले.

बाकीचे तिघे हसले. टिलेट चिडला की हसायचं, ही त्यांची पंधरा वर्षांची सवय होती.

चौघे मित्र पाच दिवस टेम्सच्या काठाकाठाने केंटच्या खाड्यांपर्यंत भटकून लंडनला परतले होते. वकिलाचा कारकून पिम याने प्रवासाची हकिकत लिहिली होती आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या क्राउडरने तिच्यात नऊ चित्रं चिकटवली होती. खानावळीच्या या माडीवर त्यांच्या मंडळाची दुपारची जेवणं होत. अशी हकिकत तिथे वाचायची, तर आधी सगळ्या प्रवाशांनी शेवटच्या पानावर 'वरील सर्व खरे आहे' असं लिहून खाली सह्या करायच्या, हा मंडळाचा नियम होता. तिघांच्या सह्या झाल्या होत्या. मंडळी एवढ्यात जमणार होती आणि खालून मांस भाजल्याचा वास यायला लागला होता.

"कुठं खुपलं तुला? पुन्हा वाचू?" असं म्हणत पिमने घसा खाकरला आणि मोठ्या थाटात सुरू केलं. "तिसऱ्या दिवशी आमचे घड्याळजी मित्र श्रीयुत टिलेट यांनी जवळची वाट म्हणून खाडीच्या चिखलातून कूच केले. चिखलाने त्यांचा कमरेपर्यंत पाहुणचार केला. त्यांच्या केसांचा टोप मात्र पाण्यावाटे पुढील मुक्कामी रवाना झाला. आम्ही तत्काळ धावून फळी टाकली व त्यांस मुक्त केले."

हॉबडे पोट धरून हसला. हा लठ्ठ कापडवाला प्रवासभर शिदोरी सांभाळत होता. खरं तर सकाळी हे वाचताना टिलेटलाही हसू आलं होतं. आपल्या फजितीची त्याला लाज नव्हती. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तो ती स्वतःच रंगवून सांगत होता. पण मग त्याने पान उलटलं होतं आणि समोर चित्र आलं होतं.

चित्र झकास होतं. कोटाचं एकेक बटण, तरंगत्या टोपावर बसलेला पक्षी, पाण्याच्या केसासारख्या बारीक रेघा. त्यात उघड्या तोंडाचा टिलेट एक हात वर करून उभा.

"कमरेपर्यंत लिहिलंय," टिलेटने चित्रावर बोट ठेवलं. "इथं पाणी काखेला लागलंय."

"भरती होती ना," क्राउडर म्हणाला.

"हे तू घरी येऊन काढलंस?"

होय म्हण बाबा, असं टिलेटला मनापासून वाटलं. क्राउडर होय म्हणाला असता, तर त्याने हसत सही ठोकली असती.

क्राउडरला मात्र ते लागलं. "घरी? लेका, आठवून काढायला मी काय जत्रेतला चितारी आहे? जागेवरचं आहे हे. रेघ न् रेघ! आणि तुझ्यापायी किती ताप झाला मला. पाणी थांबेचना. कमरेशी काढावं तर ते पोटावर, पोटावर काढावं तर छातीवर. तीनदा पावाचा तुकडा घासून रेघा पुसल्या. अख्खा पाव संपला."

"तोही माझ्या वाट्याचा," हॉबडे म्हणाला.

टिलेटच्या अंगाची लाही झाली. त्या दिवशी ऊन डोळ्यांवर होतं, काठ दिसत नव्हता. हे तिघे फळी शोधायला पळाले असतील अशी त्याची खात्री होती. घाईत तेही रुततील या भीतीने 'सावकाश या रे' असं तो दोनदा ओरडलाही होता. आता त्याने चित्राचा कोपरा पाहिला. क्राउडरने काहीच सोडलं नव्हतं. काठावर हॉबडे शिंपले खात बसला होता आणि त्याच्या बुडाखाली फळी होती.

"काढला ना बाहेर शेवटी? मेलास का?" पिम म्हणाला. "सगळ्या वहीत हेच तर पान रंगलंय. 'तत्काळ' खटकत असेल तर 'थोड्याच वेळात' करतो. मग तर झालं?"

टिलेटने खिशातून घड्याळ काढलं, उघडून टेबलावर ठेवलं. मग खुर्चीवर ताठ बसून त्याने उजवा हात वर केला.

"काढ," तो क्राउडरला म्हणाला. "आत्ता, इथंच. सगळं तस्संच. थोडा वेळ म्हणजे किती, ते मला बघू दे. नालायकांनो, तुम्हीही बघा."

क्राउडर आधी हसला. मग त्याने मान तिरकी करून टिलेटकडे पाहिलं आणि कागद ओढला. शिसपेन्सिल खरखरू लागली.

दोन मिनिटांनी हॉबडेचं हसू मावळलं. चार मिनिटांनी टिलेटचा हात थरथरायला लागला, पण त्याने तो खाली घेतला नाही. पिमने हळूच वही मिटली. जिन्यात मंडळींचे आवाज येऊ लागले तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं झाली होती. टिलेटचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं. हॉबडेला ते बघवेना. तो उठला आणि तो हात धरायला पुढे झाला.

"ए, मध्ये येऊ नकोस रे," कागदावरची नजर न काढता क्राउडर म्हणाला. "बोटं राहिलीत अजून."