न टाकलेला चेंडू

जरा जवळ सरका. आमच्या चर्चमध्ये भर प्रवचनात ऑर्गन थांबला, त्या रविवारची गोष्ट सांगतो.

थांबला म्हणजे बिघडला नव्हता. ल्युशस पेटवेनं पट्ट्यांवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवून दिले.

रेव्हरंड ग्रीनली ऐन रंगात आले होते. बोलता बोलता त्यांचं बोलणं गाण्यात शिरलं होतं. ओळीमागून ओळ वर चढत होती आणि प्रत्येक ओळ संपली की ऑर्गन त्यांना अलगद पुढच्या पायरीवर नेऊन ठेवत होता. पहिल्या बाकावर रॉस्को टिलरी बसला होता. लोखंडाच्या भट्टीतल्या कामगारांच्या बेसबॉल संघाचा हा फलंदाज आता म्हातारा झाला असला, तरी त्याच्या होमरनच्या, म्हणजे थेट मैदानाबाहेर पिटाळलेल्या चेंडूंच्या, गोष्टी अख्खा अलाबामा अजून सांगतो. चर्चच्या जेवणघरात आपल्या थोर खेळाडूंच्या तसबिरी आहेत. त्यांच्या रांगेत रॉस्कोची लावायची की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. ज्यांना मान्य असेल त्यांनी प्रवचनाच्या शेवटी उभं राहायचं.

"शेवटचा डाव!" रेव्हरंड गात होते. "तिन्ही बेस भरलेले!"

"सांगा, रेव्हरंड, सांगा!" बाकांवरून साद आली.

"आणि रॉस्को बॅट घेऊन आला! समोरच्या रेल्वेच्या गड्यांनी काय केलं? चार चेंडू मुद्दाम बॅटच्या आवाक्याबाहेर टाकले, म्हणजे नियमानं तो न मारताच पहिल्या बेसवर जाईल! म्हणाले, घे बाबा, एक धाव फुकट घे, पण मारू नकोस! अरे, बायबलातल्या यरीहो शहराची भिंत पाडायला कर्णे फुंकावे लागले. इथं नुसती बॅट बघून भिंत पडली!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. आणि नेमका तिथंच ऑर्गन थांबला. कारण ते चार चेंडू टाकणारा हात ल्युशसचा होता.

रेव्हरंडांचा वरचा स्वर एकटाच छताला लटकत राहिला. "ब्रदर ल्युशस, साथ द्या."

"खोट्याला माझी साथ नाही."

"चार-चेंडू ल्युशस!" मागून कुणीतरी पुटपुटलं. हे नाव त्या सामन्याच्या उन्हाळ्यात पडलं ते पडलंच. रॉस्कोला फुकट सोडल्यावर पुढच्या काटकुळ्या गड्यानं चेंडू पिटाळला आणि रेल्वेचा संघ हरला. ल्युशस भ्याला, असं न्हाव्याच्या दुकानात ठरलं, आणि मग त्याच्या लग्नातही लोकांनी तेच चघळलं. संघाच्या मॅनेजरचा हुकूम होता, हे तो सांगून थकला. मॅनेजर मेला आणि साक्षही गेली.

मदर ओडेसा, आमच्यातली सगळ्यांत वडीलधारी, हातातला पंखा त्याच्याकडे रोखून म्हणाली, "ल्युशस, पोरा, किती वर्षं जळशील? तो थोर होता म्हणूनच भ्यालास ना? त्यात लाज कसली?"

ल्युशस उसळला. "भ्यालो नव्हतो! मॅनेजर ओरडत होता आणि मी नाही नाही म्हणत होतो. त्या दिवशी माझा चेंडू बॅटजवळ येताच विहिरीत टाकलेल्या दगडासारखा खाली पडत होता! आधीच्या खेपेला याची बॅट कुठं फिरत होती, विचारा की त्यालाच!"

"प्रभूच्या घरात ओरडू नका!" रेव्हरंड स्वतःच ओरडले.

रॉस्को काठी टेकत उठला. आता हा ल्युशसला चांगला झोडपणार, असं सगळ्यांना वाटलं.

"हवेत फिरत होती," रॉस्को म्हणाला. "तुम्हाला त्या दिवशीचा माझा होमरन तेवढा आठवतो. त्यानंतर यानं तो पडता चेंडू काढला, आणि मला चेंडू दिसेचना. शेवटी बेस भरले आणि माझी पाळी आली. मी प्रार्थना केली, देवा, काहीही कर, पण याला माझ्याकडे चेंडू टाकू देऊ नकोस. देवानं माझं ऐकलं. किंमत यानं भरली."

ल्युशस त्याच्याकडे वळला.

"आणि हे तू आज सांगतोस?" ल्युशसचा आवाज फाटला. "माझी बायको भित्र्याची बायको म्हणून मेली रे!"

"तेव्हा सांगितलं असतं, तर मी कोण उरलो असतो?"

रेव्हरंडांनी बायबल मिटलं. त्यांच्या आवाजात आता गाणं नव्हतं. "ज्यांना तसबीर लावावी वाटते, त्यांनी उभं राहावं."

कुणीच उठलं नाही. मघाशी सगळ्यांत मोठ्यानं साद देणारे बुटांकडे बघत बसले. "लबाड मेला," मदर ओडेसा म्हणाली. रॉस्कोनं टोपी उचलली आणि तो दाराकडे निघाला.

तेवढ्यात ऑर्गनजवळचं बाकडं करकरलं. ल्युशस उभा राहिला होता. रागावलेला होता, पण डोळे रॉस्कोवर नव्हते. आमच्यावर होते.

"बसलात काय? तेव्हा काही न बघता मला भित्रा म्हणालात, आणि आता काही न बघता याला लहान करता? याच्यासमोर चेंडू घेऊन मी उभा राहिलोय, तुम्ही नाही! बाकीच्या सगळ्या उन्हाळ्यांत यानं माझा चेंडू बडव बडव बडवलाय. तो थोर आहेच. मी कधी नाही म्हटलं? मला फक्त माझा तो न टाकलेला एक चेंडू हवा होता."

मग एकेक बाक उभं राहिलं.

आमच्या जेवणघरात कधी आलात, तर रॉस्कोची तसबीर तुम्हाला दिसेल. तिच्यासमोर क्षणभर थांबा, आणि ज्याची तसबीर तिथं नाही त्या ल्युशस पेटवेची आठवण काढा.