दुसरी पडताळणी

“एका मशीनच्या शब्दावर कधी विसंबू नये, बाळा. दुसऱ्या कुणीतरी पडताळून बघावंच लागतं,” बाबा म्हणाले होते. लेक तेव्हा तान्ह्याचा लंगोट बदलत होती. “हो हो बाबा,” म्हणाली आणि विसरून गेली.

बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. आई गेल्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. नाद एकच. आजवर कुणाला सापडली नाही एवढी मोठी मूळ संख्या शोधायची. एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेही भाग जाणार नाही अशी. कोट्यवधी अंकांची. टेबलावरचं मशीन अखंड चाले. वर्ग करी, दोन वजा करी, भागून उरलेली बाकी पुढे नेई, पुन्हा वर्ग. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. शिवाय तिला कशाने भाग जातो, तेही कळायचं नाही.

रोज सकाळी मशीन लेकीच्या फोनवर मेसेज पाठवी. इतके टक्के झाले, सगळं ठीक. बाबांनीच तशी सोय करून ठेवली होती. म्हणाले होते, “नाहीतर तू काळजीने अर्धी होशील.”

“सासरेबुवांची हजेरी लागली,” नवरा चहा ढवळत म्हणे. ती हसे, अंगठ्याचं चित्र पाठवे आणि बाळाकडे वळे. फोन करायचं मनात येई. पण बाबा हिशोबात बुडाले की उचलत नसत, आणि इथे बाळाला दात येत होते.

पाळण्यावर कॅमेरा होता. सगळं ठीक असलं की त्याचा हिरवा दिवा लागे. तरी ती घडीघडी उठून बाळाच्या नाकापुढे बोट धरी.

“अगं, दिवा हिरवा आहे ना!”

“दिव्याला काय कळतंय!”

मग एका सकाळी मेसेज वेगळाच आला. शून्य उरलं. संख्या मूळ. पडताळणी करावी.

ती किंचाळलीच. बाळ कडेवर, मिठाईचा डबा पिशवीत. जिना धापा टाकत चढली. आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडता उघडताच ओरडली, “बाबा, सापडली हो!”

खिडकी सताड उघडी होती. खोली गारठलेली. बाबा खुर्चीत, डोकं टेबलावर, चष्मा कपाळावर सरकलेला. कपात चहाचा गाळ वाळून चिकटला होता. तिने टेबलाचा आधार घ्यायला हात टाकला, तो मशीनच्या पाठीवर पडला. तेवढीच काय ती ऊब.

“चार दिवस तरी झाले असतील,” डॉक्टर खाली बघत म्हणाले.

तिने फोन उघडला. सगळं ठीक. सगळं ठीक. सगळं ठीक. प्रत्येकाखाली तिचा अंगठा.

ती संख्या पुढे परक्या देशांतल्या अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या मशीनवर पुन्हा तपासली. खरी निघाली. बाबांचा शब्द त्यांनी पाळला.

आता ती भेटेल त्याला एकच विचारते, आणि तुम्हालाही विचारते आहे. तुमचं कुणी एकटं राहतं का? मेसेज आलाय, असं सांगू नका. उठा, पायात चपला सरकवा, आणि एकदा नाकापुढे बोट धरून या.