सातवा फरक

"सात," बायको म्हणाली.

"सहा," चित्रकार वर न बघता म्हणाला. "मीच केलेत. मला विचार."

रविवारच्या पुरवणीतलं 'दोन चित्रांतले सहा फरक ओळखा' हे कोडं तो अकरा वर्षं काढत होता. पाठवण्याआधी बायको ते लाल पेन्सिलीने सोडवून बघे. तिने केस खांद्यापर्यंत कापले तेव्हा त्याला ते नवव्या दिवशी कळलं, तेही तिने सांगितल्यावर. पण तो घरगुती फरक झाला. धंद्यात त्याची नजर घारीची.

आजचं चित्र : खुर्चीत बसलेले आजोबा. त्यासाठी स्वतःच्या बाबांनाच त्याने सकाळपासून पुढ्यात बसवून ठेवलं होतं. खुर्ची, खिडकी वगैरे तो पहिल्या चित्रावरून गिरवून घेई. माणूस मात्र दर वेळी समोर बघूनच काढी. गिरवलेला माणूस मेल्यासारखा दिसतो, असं त्याचं मत होतं.

पहिल्या चित्राच्या वेळी बाबांनी डोकं खाल्लं. "नाक जरा लहान काढ रे. एवढं मोठं तुझं आहे, माझं नाही." दुसऱ्या वेळी मात्र एकदम गप्प. हा खूश. "वा बाबा, असेच बसा. हलू नका." बाबा हलले नाहीत.

"बरं, मोजून दाखव," तो बायकोला म्हणाला.

"कपाचा कान. घड्याळाचे काटे. स्वेटरचं बटण. खिडकीतला पक्षी. चष्म्याची दोरी. खुर्चीचा पाय." तिने एकेकाभोवती लाल गोल केला. "आणि बाबांचं तोंड. दुसऱ्या चित्रात एका बाजूला उतरलंय."

"मी नाही उतरवलं."

"उतरलंय."

"अगं, मी कशाला तोंड वाकडं करीन? लहान मुलं सोडवतात हे. हात हलला असेल माझा." तो खोडरबर शोधू लागला. "दे इकडे, सरळ करतो. बाबा, जरा माझ्याकडे बघा."

दोघांनी वर पाहिलं.

चित्र बरोबर होतं.

बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ स्वेटरवर ओघळत होती. डावा हात खुर्चीबाहेर लोंबत होता. चित्रातही तो तसाच लोंबत होता. तो बायकोच्याही नजरेतून सुटला होता.

म्हणजे आठ.

"कधीपासून असं झालंय?" इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नक्की वेळ सांगा. इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येतं."

त्याला आठवत होता तो फक्त कपाचा कान. बायकोच्या मुठीत कागद अजून तसाच होता. तिने तो पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं पाहिली. लाल गोल पाहिले. "दुसऱ्यात पावणेचार वाजलेत. आत्ता तर बारा होताहेत."

"ते घड्याळ खोटं आहे," तो म्हणाला. "तो फरक नंबर दोन. खरी वेळ सहीखाली असते. चित्र संपलं की टाकतो मी."

पहिल्याखाली सव्वादहा. दुसऱ्याखाली अकरा वीस.

"म्हणजे सव्वादहाला ठीक होते. वेळेत आणलंत." त्यांनी नर्सला हाक मारली, बाबांचं स्ट्रेचर आत ढकलायला सांगितलं. मग दारात थांबून पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"हे दुसरं कुणी काढलं?"

"मी."

"आठवणीतून?"

"नाही," चित्रकार म्हणाला. "समोर बघून."