मधल्या सुट्टीतलं पाणी

"दाखला द्या भाभी," रईस म्हणाला. "सर थांबून राह्यले."

हाजराने दाखला पिशवीतून काढला नाही.

टेबलापलीकडे हेडमास्तर, अलीकडच्या खुर्चीत तिचा दीर रईस, आणि ती पोरीला, अदीबाला, घेऊन उभी. धानोऱ्याहून चंद्रपूरला बिऱ्हाड हलवून आठवडाही झाला नव्हता. नवरा नवाब पत्र्याच्या पेट्यांचं दुकान मांडण्यात गुंतला होता. पोरीच्या शाळेचं त्याने धाकट्या भावावर सोपवलं होतं. भाऊ परकोटाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, आत राहणारा, तेव्हा त्याला सगळं कळतं, असं घरात ठरूनच गेलं होतं.

खोली मात्र त्यांना शहराबाहेर मिळाली होती. तिच्या मागेच जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, एक मास्तर, सातवीपर्यंत. काल हाजरा ती पाहून आली, तेव्हा रईस हसला होता. "जंगल सोडून आले, अन् पुन्हा खेड्याच्याच शाळेत टाकता? शहरातली दहावीपर्यंत आहे. सातवी झाल्यावर काय पोरीले पेट्या ठोकायला बसवता?"

बोलणं खोचक होतं, पण खोटं नव्हतं. म्हणून तर हाजरा आज इथे आली होती. अदीबाने दहावी करायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

मधली सुट्टी झाली होती. खिडकीतून मैदान दिसत होतं. पाण्याच्या टाकीवर पोरांची ही झुंबड. साखळीने बांधलेला एकच पेला, आणि तो ओढायला वीस हात. पोरी पलीकडे कडुलिंबाखाली डबे खात बसल्या होत्या. हाजरा बघत राहिली. डबे संपले, झाकणं लागली, हात रुमालाला पुसले गेले. टाकीकडे एकही पोरगी उठून गेली नाही.

"सर, पोरींची मुतारी कुठी आहे?"

रईस छताकडे बघायला लागला. ताकाला जाऊन भांडं लपवायची हाजराला सवय नव्हती.

"प्रसाधनगृह आहे की," हेडमास्तर म्हणाले. "मागच्या बाजूला. नवीनच बांधलंय."

"पाहू द्या जरा."

"कुलूप असतं त्याला. उघडं ठेवलं की बाहेरचे लोक घाण करतात. चावी आमच्या शिपायाकडे, बापूजीकडे असते. तो आज तहसीलात गेलाय."

"अन् पोरी?"

"पोरी सांभाळून घेतात, बाई."

हे त्यांनी अगदी कौतुकाने सांगितलं. हाजराच्या अंगाची लाही झाली ती त्या कौतुकानेच. ती तडक बाहेर पडली आणि कडुलिंबाखाली गेली. अदीबा मागोमाग.

"पोरीहो, पाणी काऊन नाई पीत तुम्ही?"

पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांच्यातली मोठी, नववीतली सत्यशीला, डबा पिशवीत कोंबत म्हणाली, "घरी गेल्यावर पितो काकी. इथी पिलं तं मंग जाव कुठी?"

अदीबाने आईची बाही ओढली. "अम्मी, मले तिकडच टाक. तिथलं दार उघडं राहते."

खरं होतं. काल त्या खेड्याच्या शाळेत मुतारीच्या दाराला बाहेरून कडीसुद्धा नव्हती. आत बादलीभर पाणी, आणि बाहेर पोरी हातपंपावर ओंजळीने पाणी पीत होत्या. हाजराने फाटकाकडे पाहिलं. दाखला अजून पिशवीतच होता, निघून जायला काही अडत नव्हतं.

"तिकडे सातवीलोकच शाळा," ती अदीबाला म्हणाली. "आठवीले इथीच या लागते. तवा बी हे कुलूप इथीच राहीन, अन् तू मोठी झाली राहशीन."

ती टाकीकडे चालू लागली. पोरं आपोआप बाजूला झाली. तिने पेला विसळला, काठोकाठ भरला आणि अदीबासमोर धरला.

"पी."

अदीबा प्यायली.

"अजून एक."

दुसरा पेलाही संपला. तिसरा तिने भरला आणि लांबूनच सत्यशीलाकडे पाहिलं. सत्यशीलाने आधी ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं, मग पेल्याकडे. मग ती उठली. तिच्या मागे दोघी उठल्या, त्यांच्या मागे पाच-सहा, आणि बघता बघता कडुलिंबाची सावली रिकामी झाली.

"भाभी, हे काय करून राह्यल्या तुम्ही?" रईस व्हरांड्यातून ओरडला. "लोक पाहून राह्यले!"

"पाहू दे."

घंटा झाली. पोरं वर्गात पळाली. पोरी गेल्या नाहीत. इमारतीच्या मागे, कुलूप लावलेल्या त्या नव्या दारासमोर, त्या भिंतीला धरून रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढे अदीबा. रांगेचं शेपूट वळसा घेऊन पार मैदानात आलं होतं.

हेडमास्तर कोपऱ्यापर्यंत आले आणि थबकले. त्यांना इतक्या पोरी एका जागी उभ्या बघायची सवय नसावी.

हाजराने पिशवीतून दाखला काढून त्यांच्या हातात दिला.

"हे घ्या. सहावीत नाव लिहा तिचं," ती म्हणाली. "अन् चावी लवकर शोधा सर. रांगेतल्या मांगच्या पोरी अजून पाणी पिऊन राह्यल्या."